कंपनीने परस्पर अटी बदलल्या तर: सहीच्या आधीपासून ट्रिब्युनलपर्यंत काय काय करायचं

शनिवारी दुपारी पावणेतीनची वेळ, फर्स्ट शिफ्ट सुटायला आलेली, टाइम ऑफिसच्या बाहेर टेबल टाकलेलं आणि त्यावर कागदांचा गठ्ठा. एचआरचा मुलगा नाव विचारतो, गठ्ठ्यातून दोन पानं काढतो, शेवटच्या पानावर पेन्सिलने फुली मारलेली असते तिथे बोट ठेवतो आणि म्हणतो, "काका, इथे फक्त सही, नवीन लेबर कोडचं लेटर आहे, सगळ्यांनी केलीय." बाहेर बस हॉर्न देत असते. माणूस सही करतो आणि पळतो.

मी पण एकदा अशीच सही केलीय, चाकणला एका पार्ट्सच्या कंपनीत होतो तेव्हा. कोड वगैरे नव्हते त्या वेळी, कारण वेगळं सांगितलं होतं, पण टेबल तेच आणि घाई तीच. त्या दोन पानांत नाइट अलाउन्स बंद केल्याचं आणि गरजेप्रमाणे कुठल्याही प्लांटला पाठवू शकतो असं लिहिलेलं होतं. सात महिन्यांनी आम्ही दहा-बारा जण लेबर ऑफिसला गेलो तर तिथल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही लेखी विरोध कधी केला? आमच्याकडे एक चिठोरं नव्हतं. तोंडी किती बोललो, सुपरवायझरशी किती भांडलो, त्याचा काही उपयोग झाला नाही. मी वकील नाही, पण तेव्हापासून आजूबाजूच्या लोकांची लेटरं वाचून देतो, अर्ज लिहून देतो, आणि दर वेळी एकच गोष्ट दिसते, कायद्यात माणसाला बराच आधार आहे पण माणूस गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याचाच अर्थ पुढे "मान्य होतं" असा लावला जातो. म्हणून खालचं सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहितोय.

आधी सही थांबवा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता, लागू झाले आणि तेव्हापासून जिकडे तिकडे नवीन लेटरं निघतायत. यातली एक गोष्ट खरी आहे, ज्यांच्याकडे अपॉइंटमेंट लेटरच नव्हतं त्यांना कोड लागू झाल्यापासून तीन महिन्यांत ते द्यायचं असं कायद्यात आहे, आणि ही कामगारांसाठी चांगली गोष्ट आहे कारण कित्येकांनी वीस वर्षं लेटरशिवाय काढलीत. पण तुमचं अलाउन्स काढा, नोटीस पिरियड एक महिन्याचा तीन महिने करा, बदलीचं कलम घुसवा असं कुठल्याही कोडने सांगितलेलं नाही. कोडच्या नावाखाली हे जे आत येतं ते कंपनीने स्वतःहून घातलेलं असतं.

म्हणून लेटर हातात आलं की एवढंच म्हणायचं, घरी नेऊन वाचतो, सोमवारी सांगतो. इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, लाजायचं काही कारण नाही, आपल्या पोटाचा प्रश्न आहे. आणि त्यांनी अगदी अडवूनच धरलं, सही केल्याशिवाय गेटबाहेर सोडत नाही इथपर्यंत आलं, तर सहीच्या वरच आपल्या हाताने लिहा: "पत्र मिळाले. मजकूर मान्य नाही." खाली तारीख आणि मग सही. हे कंपनीच्या प्रतीवर लिहायचं, नुसतं आपल्या प्रतीवर नाही, आणि लगेच मोबाइलवर फोटो काढायचा. या पाच शब्दांनी पुढची अर्धी लढाई सोपी होते. दमदाटी करून घेतलेली संमती ही मोकळ्या मनाने दिलेली संमती नाही असं १८७२ च्या करार कायद्यात आहेच, पण दमदाटी झाली हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा तिथल्या तिथे दोन ओळी लिहिणं कितीतरी सोपं.

जुनं काय होतं ते जमा करा

अटी बदलल्या म्हणायचं तर आधी अटी काय होत्या ते दाखवावं लागतं. ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, कन्फर्मेशनचं, इन्क्रिमेंटची लेटरं, बदल व्हायच्या आधीच्या किमान बारा महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि बदलानंतरच्या सगळ्या, पीएफचं पासबुक उमंग ॲपवरून काढलेलं, बँक स्टेटमेंट, युनियनचा करार असेल तर त्याची प्रत. ३०० किंवा जास्त कामगार असतील तर स्टँडिंग ऑर्डर्स असतात, त्यांचीही प्रत मिळवा, शिफ्ट आणि शिस्तीचे नियम त्यात असतात.

जे कागदावर नाही पण वर्षानुवर्षं चालत आलंय ते पण लिहून काढा. बस फुकट होती, कॅन्टीनला जेवण सवलतीत होतं, दुपारी साडेतीनला दहा मिनिटं चहाची होती. लोकांना वाटतं हे तर मालकाच्या मर्जीवर. तसं नाही, चालत आलेली सवलत किंवा रीत बंद करणं हा सुद्धा कायद्याने नोटीस द्यायचाच बदल आहे. बसचा जुना पास, कॅन्टीनचं कूपन, नोटीस बोर्डाचा फोटो, काही म्हणजे काही फेकू नका. आणि कंपनीच्या मेलवर असलेलं सगळं आत्ताच उतरवून ठेवा, कारण वाद सुरू झाला की पहिलं लॉगिन बंद होतं.

तुम्ही 'वर्कर' मध्ये बसता का

यावर पुढचा रस्ता ठरतो म्हणून नीट बघा. चार कोडपैकी औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये हाताने काम करणारा, कुशल-अकुशल, तांत्रिक, ऑपरेशनचं, क्लार्कचं काम करणारा हा वर्कर, त्याला पगाराची मर्यादा नाही. सुपरव्हिजनचं काम असेल आणि पगार महिन्याला १८,००० च्या वर असेल तर तो बाहेर, मॅनेजमेंट किंवा ॲडमिनिस्ट्रेशनचं काम करणारा बाहेर. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह सारखे सेल्स प्रमोशनवाले आणि श्रमिक पत्रकार आत.

इथे मोठी फसगत हुद्द्याची होते. मशीनवर उभं राहून जॉब काढणाऱ्याला "असिस्टंट मॅनेजर" करून टाकतात आणि सांगतात तुम्हाला लेबर लॉ लागू नाही. कोर्ट व्हिजिटिंग कार्ड बघत नाही, रोज करता काय ते बघतं. तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का, कुणाला कामावर घेता-काढता का, की दिवसभर स्वतःच काम करता? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या आणि त्याला पुरावे ठेवा, जॉब कार्ड, रोजचे रिपोर्ट वगैरे.

२१ दिवसांची नोटीस हे खरं हत्यार

आधी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं, जुन्या युनियनवाल्यांच्या तोंडी अजून "नाइन-ए" हेच असतं, आता तेच संहितेच्या कलम ४० मध्ये आलंय. थोडक्यात असं, की तिसऱ्या अनुसूचीतल्या कुठल्याही गोष्टीत बदल करायचा असेल तर मालकाने ज्यांच्यावर परिणाम होणार त्या कामगारांना आधी नोटीस द्यायची आणि नोटीस दिल्यापासून २१ दिवस तो बदल करायचा नाही. अनुसूचीत आहे काय? पगार, तो कधी आणि कसा द्यायचा, पीएफमधला मालकाचा वाटा, भत्ते, कामाचे तास आणि मधली सुट्टी, पगारी रजा, शिफ्ट चालू-बंद करणं, ग्रेड, चालत आलेल्या सवलती, शिस्तीचे नवे नियम, माणसं कमी होतील अशी नवी मशिनरी आणणं, माणसांची संख्या कमी-जास्त करणं. म्हणजे जवळजवळ सगळंच.

नोटीसच दिली नाही तर? सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये फूड कॉर्पोरेशनच्या कामगारांच्या प्रकरणात अशा बदलाला कायद्याने काही किंमत नाही हे स्पष्ट केलंय. आणि १९९९ चं एक प्रकरण आपल्या नागपूरच्या वर्तमानपत्राचं आहे, तिथे हाताने खिळे जुळवणाऱ्यांच्या जागी फोटो-टाइपसेटिंग आलं, त्यात न्यायालयाने सांगितलं की नोटीस नवीन पद्धत सुरू करायच्या आधी यायला पाहिजे, सगळं करून झाल्यावर नाही. आज ऑटोमेशनच्या नावाने लाइनवरची माणसं कमी करतायत त्यांनी हे लक्षात ठेवावं.

अपवाद आहेत. युनियनने करार करून तो बदल मान्य केला असेल तर नोटीस लागत नाही, म्हणून युनियनच्या करारात काय लिहिलंय ते प्रत्येकाने वाचा, नुसती वाढ किती मिळाली एवढं विचारून थांबू नका. अडचणीच्या वेळी तक्रार निवारण समितीशी बोलून शिफ्ट बदलली तरी नोटीस लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोकांच्या लक्षातच येत नाही. नोटीस देणं म्हणजे तुमची परवानगी घेणं नव्हे. २१ दिवस संपले की मालक बदल लागू करू शकतो. हे २१ दिवस तुम्हाला हलायला दिलेले आहेत. या काळात समेट अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवायला बसलेल्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे, वाद नेला आणि तिथे कार्यवाही सुरू झाली, की कलम ९० प्रमाणे त्या विषयातल्या अटी कामगाराच्या तोट्याच्या बदलता येत नाहीत, अधिकाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच. कार्यवाही सुरू झाली असं पहिल्या बैठकीपासून धरतात. त्यामुळे नोटीस बोर्डावर लागली की पहिल्याच आठवड्यात अर्ज द्या, विसाव्या दिवशी धावपळ करून बैठक लागत नाही.

पगाराची मोडतोड कशी ओळखायची

सध्या सगळ्यात जास्त लेटरं याचीच येतात म्हणून आकडे मांडून दाखवतो. समजा जुन्या स्लिपवर बेसिक अधिक डीए २२,००० आणि घरभाडे भत्ता ५,०००, एकूण २७,०००. नवीन स्लिपवर बेसिक १५,०००, घरभाडं ९,०००, कन्व्हेयन्स ३,०००, एकूण तेच २७,०००. एचआर म्हणतं एक रुपया कमी केलेला नाही आणि कोडमधल्या ५० टक्क्यांच्या नियमात पण बसतंय. दोन्ही खरं आहे. वर हातात महिन्याला ८४० रुपये जास्त येतात, म्हणून लोक खूश.

ते ८४० आले कुठून? पीएफमधून. १२ टक्क्यांनी आधी २,६४० कापले जायचे, आता १,८००. तेवढाच मालकाचा वाटा पण कमी झाला, म्हणजे तुमच्या पीएफ खात्यात महिन्याला १,६८० कमी पडतायत, वर्षाला २०,१६०. ग्रॅच्युइटी बघा, शेवटच्या पगाराला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि गुणिले वर्षं, १२ वर्षांच्या नोकरीला २२,००० वर १,५२,३०७ रुपये होतात आणि १५,००० वर १,०३,८४६. अठ्ठेचाळीस हजार गेले आणि महिन्याच्या पगारात काहीच दिसलं नाही. ओव्हरटाइमचा दुप्पट दर याच पगारावर, रजेचे पैसेही बहुतेक ठिकाणी यावरच. ५० टक्क्यांचा नियम म्हणजे भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारात धरायचा एवढंच, तो बेसिक खाली आणायचा परवाना नाही. पगार आणि भत्त्यातला बदल म्हणजे परत कलम ४०, परत २१ दिवस.

दोन स्लिपा शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक ओळ जुळवा. फक्त शेवटचा आकडा बघू नका.

विरोधपत्र

हे लांबलचक लिहायचं नाही. शिव्या नाहीत, मालक किती वाईट ते नाही, भावनिक काही नाही. मी लोकांना साधारण असं लिहून देतो:

"दि. अमुक पासून माझ्या पगाररचनेत पुढीलप्रमाणे बदल केल्याचे वेतनचिठ्ठीवरून आढळले (जुने आकडे, नवे आकडे). हा बदल करण्यापूर्वी मला औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० प्रमाणे नोटीस देण्यात आलेली नाही व माझी संमती घेण्यात आलेली नाही. सदर बदल मला मान्य नाही. मी काम नियमित करीत आहे व बदललेला पगार हक्क राखून स्वीकारत आहे. पूर्वीची रचना कायम करून फरक द्यावा."

यातलं "हक्क राखून स्वीकारत आहे" हे सोडू नका. पगार नाकारून घर चालत नाही, घ्यायलाच लागतो, पण मुकाट्याने सहा महिने घेतला की मान्य केला असं म्हणतात. एक प्रत मेलने, एक हाताने देऊन इनवर्डचा शिक्का घ्या, शिक्का देत नसतील तर पोस्टाने. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे आरपीएडी (पोचपावतीसकट रजिस्टर पोस्ट) मागितलं तर काउंटरवर गोंधळ होतो, स्पीड पोस्टच पण रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीसकट असं सांगायचं. पावती आणि ट्रॅकिंगचं पान दोन्ही ठेवा.

शक्य असेल तर चार-पाच जणांनी तरी मिळून द्या. हे फक्त धीरासाठी सांगत नाही. नोकरीवरून काढलं असेल तर एकटा कामगार स्वतःचा वाद नेऊ शकतो, पण अटी बदलल्याचा वाद युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी मिळून न्यावा लागतो.

मग कुठे जायचं

२० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असायलाच पाहिजे, त्यात निम्मे कामगारांचे प्रतिनिधी. वैयक्तिक तक्रार असेल तर आधी तिथे, घटनेपासून एका वर्षाच्या आत, त्यांनी ३० दिवसांत निकाल लावायचा. पटला नाही तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे. पुष्कळ कंपन्यांत समिती कागदावर पण नसते, मग समिती नसल्याचंच पत्र देऊन ठेवा.

सगळ्यांचा मिळून वाद असेल तर सरळ जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात, मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवनात. बँका, विमा, रेल्वे यांच्यासाठी केंद्राचं वेगळं ऑफिस असतं हे बघून जा नाहीतर हेलपाटा पडतो. समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात, साधारण ४५ दिवसांत प्रयत्न संपवायचा असतो. जमलं नाही तर अहवाल, आणि अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत तुम्ही स्वतः ट्रिब्युनलला, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरणाला, अर्ज करू शकता. आधी सरकारने प्रकरण पाठवायची वाट बघावी लागायची, त्यात वर्ष वर्ष जायचं, तेवढं तरी आता वाचलं. दोन वर्षांपेक्षा जुना वाद समेट अधिकारी घेत नाहीत. आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली जी यूएलपीची (मालकाच्या अनुचित कामगार प्रथेची) तक्रार करतात त्यात मुदत ९० दिवसांची आहे, म्हणून वकिलाकडे जायचं तर तीन महिन्यांच्या आत जा.

पैसे अडकवले किंवा बेकायदा कापले असतील तर वेतन संहितेचा रस्ता वेगळा आहे. तो मॅनेजरला पण खुला आहे, कारण तिथे शब्द 'कर्मचारी' आहे. तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. मॅनेजर लोकांसाठी बाकी रस्ता करार कायद्याचा, करार बदलायला दोघांची संमती लागते हे तत्त्व तिथेही आहे, पण खाजगी कंपनीत कोर्ट शक्यतो नुकसानभरपाई देतं, जुन्याच अटींवर परत बसवत नाही. म्हणून त्यांनी सही करायच्या आधीच घासाघीस करावी, तिथेच त्यांचं खरं बळ असतं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून मागे हटू नका. औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ऑफिस असतं, फोन १५१००.

यात चुकू नका

बदलीची ऑर्डर आली तर घरी बसू नका. लेटरमध्ये बदलीचं कलम असेल तर बदली करणं मालकाच्या हातात असतं आणि हजर न होणं हा शिस्तभंग धरतात, मग मूळ मुद्दा बाजूला राहून तुमचीच चौकशी लागते. विरोध लिहून द्या आणि हजर व्हा. युनियनमध्ये आलात म्हणून, तक्रार केली म्हणून आकसाने बदली केली असेल तर ती अनुचित प्रथा आहे, तो वाद हजर राहून लढता येतो.

रागात सगळ्यांनी मिळून सुट्टी टाकू असं ठरवू नका. नव्या संहितेत ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह घेतली तर तो संप धरला जातो, आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. आमच्या ओळखीच्या एका प्लांटमध्ये पोरांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर "उद्या सगळ्यांची सीएल" असं टाकलं आणि तोच स्क्रीनशॉट त्यांच्याविरुद्ध लावला गेला.

ओव्हरटाइमला जबरदस्तीने थांबवत असतील तर कामगाराची संमती लागते आणि दर दुप्पट, हे दोन्ही आता कायद्यात लिहिलेलं आहे.

आणि राजीनामा. लेटरवर सही करत नसशील तर राजीनामा दे, असं केबिनमध्ये बसवून सांगतात, टाइप केलेला कागद तयार असतो, मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. त्या केबिनमधून उठा, पाणी प्यायला म्हणून उठा, बायकोचा फोन येतोय म्हणून उठा, काहीही करून उठा. काढायचं असेल तर त्यांना लेखी काढू दे, मग कारण द्यावं लागतं, चौकशी करावी लागते, एकट्याला सुद्धा वाद नेता येतो. राजीनाम्यावर सही झाली की हे सगळं हातातून जातं. झालीच असेल तर त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी नाही, कंपनीला मेल करा की अमुक वाजता अमुक केबिनमध्ये दबाव टाकून सही घेतली, मी राजीनामा दिलेला नाही, उद्या ड्युटीवर येतोय. आणि सकाळी खरंच गेटवर जा, आत सोडलं नाही तर गेटसमोर उभं राहून तारीख-वेळेसकट फोटो काढा.